उजवी रिकीब

तामलवाडी, ता. तुळजापूर
१० फेब्रुवारी २०२५

सौ. राजेश्वरीस उत्तरेश्वरचे आशीर्वाद, वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. मनात सध्या शिल्लक नाहीत.

दिवाळीत तू जी घोडी माझ्या गळ्यात बांधलीस, त्या काजळीबद्दल लिहितो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं लोक म्हणतात. माझं नशीब असं की सख्ख्या बहिणीनंच धाडलं. दोन महिने बरी चालली. संक्रांत झाली आणि बिघडली. खोगीर दिसलं की कान मागं टाकते, पोटाखालचा तंग आवळताना चावायला येते, मी बसलो की पाठ खाली दाबून घेते. परवा दुडकीवर घेतली तर डावीकडं हिसका देऊन पारासमोर मला पाडलं. रणधीर तिथंच चहा पीत बसला होता. चुलतभावानं इतक्या मायेनं धावत येऊन उठवलं की त्याच्या मनात काय आहे ते मी तिथंच ओळखलं.

चैत्री पौर्णिमेला खंडोबाच्या छबिन्यापुढं घोड्यावर बसायचा मान आबांनंतर माझा. मी बसलो नाही तर देवापुढं उभं राहून मलाच रणधीरचं नाव तीनदा पुकारावं लागेल, आणि मान त्याच्या घरात जाईल. एकदा गेलेला मान परत येत नसतो, हे तुला सांगायला नको.

सास्तूरच्या घोडी पारखणाऱ्या मल्लिनाथला काजळी दाखवली. त्यानं आयाळ वर करून मानेवरचा भोवरा दाखवला. अशा भोवऱ्याची घोडी स्वाराला खाते म्हणे. तुमच्या घरी तीन पिढ्या घोड्या आहेत. तुला हा भोवरा दिसला नाही, हे कुणी शपथेवर सांगितलं तरी मला पटणार नाही.

फोन करू नकोस. संक्रांतीला तू फोनवर माझ्या वयाला हसलीस, तेव्हापासून तुझ्याशी तोंडानं बोलायचं नाही असं ठरवलं आहे. काय ते पत्रात लिही.

लोभाचं पुढं बघू.
उत्तरेश्वर


भूम
१७ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादांस राजेश्वरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

नमस्कार आईनं लावलेल्या सवयीचा आहे. बाकीचं पत्र रागानं लिहिते आहे.

नाचता येईना अंगण वाकडं! काजळी माझ्या दारात जन्मली. तो भोवरा तिला पहिल्या दिवसापासून आहे, तिच्या आईलाही होता, आणि त्या आईवर बसून यांनी वीस वर्षं सगळा माळ पालथा घातला. ती कुणाला न खाता म्हातारपणानं मेली. भोवऱ्याचाच दोष असता तर दिवाळी ते संक्रांत तो काय झोपला होता? मल्लिनाथला विचारा, आणि त्याला चहा पाजला असेल तर तो माझ्या नावावर मांडू नका.

जनावर कान मागं टाकतं तेव्हा त्याचं काहीतरी दुखत असतं. घोडी मोकळी उभी करा. मानेच्या बुडापासून कमरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटं दाबत न्या. कातडी कुठं थरथरते, घोडी पाठ कुठं खाली घेते, ते बघा. मग खोगीर उसवून आत गाठ आहे का पाहा, आणि नालबंदाकडून चारी पाय तपासून घ्या. घोड्यावर बसायला आबांनी तुमच्या आधी मला शिकवलं, हे विसरू नका. लग्न ठरलं म्हणून मला उतरवलं. येत नव्हतं म्हणून नव्हे.

अक्षराकडं जरा लक्ष द्या. सगळ्या ओळी उतार लागल्यासारख्या खाली गेल्या आहेत. एवढ्या रागात पत्र लिहू नये.

माझा लोभ काजळीवर आहे. तुमच्यावर होता.
राजेश्वरी


तामलवाडी
२७ फेब्रुवारी २०२५

सौ. राजेश्वरीस आशीर्वाद, वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकायची तुझी खोड सासरी जाऊनही गेली नाही. तरी सांगितलंस तसं केलं, उद्या मला दोष नको म्हणून.

डावीकडं, मानेच्या बुडापासून वीतभर मागं, बोट टेकवताच घोडीनं पाठ खाली दाबली आणि ती कण्हली. जखम नाही, सूज नाही, कातडी धड आहे. उजव्या बाजूला कितीही दाबा, तिला काही नाही. खोगीर उसवलं. गाठ नाही, काटा नाही. तरी नवा कापूस भरून घेतला. नालबंदानं चारी पाय पाहिले, त्यात खोट नाही. चार दिवस तिला नुसती बांधून ठेवली तर पाठ मोकळी झाली. बसायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणजे हे दुखणं मूळचंच, भूमहून आलेलं. तू लपवून दिलंस. तुझ्या कृष्णराजांना पाठव आणि आपलं जनावर घेऊन जा. मी दुसरं बघतो. रणधीर रोज येऊन घोडीची चौकशी करतो, माझी करत नाही.

ओळींचं म्हणशील तर चष्मा बदलायचा आहे. त्यात तू पडू नकोस.

तुझी वहिनी तुला आठवण लिहा म्हणते. लिहिली.
उत्तरेश्वर


भूम
१२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे परवा तुमच्याकडून परत आले. घोडी का आणली नाही, ते सांगते.

काजळीवर हे स्वतः दोन दिवस बसले. ओढ्यापर्यंत दुडकीवर नेली, आणली. तिनं कान मागं टाकले नाहीत. दुसऱ्या सकाळी पाठ दाबून पाहिली तर ती चारा खात राहिली. खोगीर तेच होतं, घोडीही तीच. मग यांनी रिकिबी पाहिल्या. डावी रिकीब घासून चकचकीत झालेली, तिचा पट्टा दोन बोटं ताणलेला. उजव्या रिकिबीत पाय ठेवायच्या जागी धूळ बसलेली. यांनी तुम्हाला एकदा बसून दाखवा म्हणून तीनदा विनवलं. तुम्ही दाढ दुखते म्हणून तोंडाला उपरणं लावून बसलात आणि दोन दिवसांत पाच शब्द बोललात. वाढताना वहिनींच्या डोळ्यांना पाणी होतं.

हे सांगत होते आणि मी उठून भाऊबीजेच्या डब्यातली तुमची चिठ्ठी शोधली. आताच्या पत्रांशेजारी ठेवली. दोन वेगळ्या माणसांचं अक्षर वाटतं. संक्रांतीला फोनवर तुम्ही अर्ध्या शब्दावर थांबलात. रागावलात असं मी समजले, आणि तुम्ही मला तसंच समजू दिलंत.

दादा, तुम्हाला त्या दिवशी लकव्याचा झटका आला. आबांनाही असाच आला होता, आणि त्यांनीही असाच लपवला होता. तुमचा उजवा पाय रिकिबीत जोर धरत नाही. सगळं अंग डावीकडं लोंबतं, आणि ते ओझं काजळीच्या पाठीवर एकाच जागी पडतं. तिला तुम्ही दुखवता आहात. जीभ जड झाली म्हणून फोन बंद केलात आणि भांडण माझ्यावर ढकललंत. घोडीला खोडील ठरवलंत, बहिणीला कपटी ठरवलंत, पण डॉक्टरकडं गेला नाहीत. इतका राग मला तुमचा कधीच आला नव्हता. दोन रात्री रडले, तेही रागानंच.

सोलापूर तुम्हाला तासाभरावर आहे. उद्या जा. काजळीवर तुम्ही बसायचं नाही.

आधी जिवंत राहा. लोभ मग मागते.
राजेश्वरी


तामलवाडी
२० मार्च २०२५

राजेश्वरीस,

तुझं पत्र चुलीत घातलं. मला काही झालेलं नाही. पौर्णिमेला घोड्यावर मीच बसणार. नवऱ्याला पाहुणा म्हणून पाठवून रिकिबी तपासायला लावल्यास, ही चोराची रीत झाली. तुझी वहिनी तुझ्या बाजूनं बोलली, तिच्याशीही अबोला धरला आहे. जत्रेला येऊ नकोस. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

आशीर्वाद या पत्रात नाहीत.
उत्तरेश्वर


भूम
२८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार.

माहेरी न बोलावता येणाऱ्यातली मी नाही. येत नाही. एवढंच सांगते, की मागं पारासमोर पाडलं म्हणून काजळी नेहमी पाडेल असं समजू नका. तिच्या आईसारखीच आहे ती. वाजंत्री लागली, माणसं जमली, की कितीही दुखलं तरी हलत नाही. तुम्ही बसलात तर देवळापासून वेशीपर्यंत सोसत नेईल तुम्हाला. तुमचं तुम्ही ठरवा.

राजेश्वरी


तामलवाडी
१६ एप्रिल २०२५

चि. राजेश्वरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तीन दिवस लिहितो आहे. ओळी खाली गेल्या असतील, तुला सवय झाली असेल.

तुझं बारा मार्चचं पत्र चुलीत घातलं नव्हतं. खोगिराखाली ठेवलं होतं, आणि त्या दिवसापासून खोगीर चढवलं नव्हतं. हे मी कळवलं नाही, कारण मला कळवायचं नव्हतं. तुझ्यावरचा राग अजून आहे. तुझं खरं निघालं म्हणून तो वाढला आहे.

पौर्णिमेला काजळीची पाठ एकदम मोकळी होती. मी पारावरून बसलो. सगळं ओझं पुन्हा डावीकडं गेलं, आणि खाली तिची पाठ आखडलेली मला कळली. कान मागं गेले. हलगी सुरू झाली, भंडारा उधळला, आणि ती जागची हलली नाही. नुसती थरथरत उभी राहिली. मला पाडलं असतं तर तिथंच तुला शिव्या घातल्या असत्या. ती सोसत होती, आणि कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी उतरलो. पाय ओढत देवापुढं गेलो, ते सगळ्या गावानं पाहिलं.

मग रणधीरचं नाव पुकारायचं होतं. पहिल्यांदा र निघालाच नाही. पोरं हसली, कुणीतरी त्यांना दटावलं. दुसऱ्यांदा अर्धं निघालं. तिसऱ्यांदा पूर्ण निघालं, पण ते नाव आहे हे ओळखायला लोकांना वेळ लागला. तेवढा वेळ सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघत होता. साठ वर्षांत मला तेवढं उघडं कधी वाटलं नव्हतं.

रणधीर बसला. काजळी सरळ चालली. तो चांगला बसतो, पण हे त्याला कळता कामा नये. गर्दीत मी तीनदा तुला शोधलं. मीच येऊ नकोस म्हणालो होतो, तरी शोधलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीनं मला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाला, फार उशीर केलात. गोळ्या दिल्या आहेत. जिभेला व्यायाम म्हणून मोठ्यानं वाचायला सांगितलं आहे. तुझीच पत्रं वाचतो. त्यातल्या शिव्यांवर जीभ बरी वळते.

काजळी परत मागू नकोस. मी तिला रोज खरारा करतो, डाव्या हातानं.

रविवारी दुपारी फोन कर. मी उचलीन. शब्द यायला वेळ लागतो, म्हणून मी रागावून ठेवला असं समजू नकोस. धरून राहा.

तुझा
दादा