पाच खुर्च्या

८ डिसेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. बऱ्याच वर्षांत वापरात नव्हते, थोडी धूळ झटकून घे. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. इकडे मी ठणठणीत आहे, गुडघा सोडून. त्याने आता माझ्यापासून वेगळी चूल मांडली आहे. स्टुडिओचं छप्पर गळत होतं ते दुरुस्त करून घेतलं. गिऱ्हाइकं कमी झाली असली तरी अगदीच माश्या मारत बसलेली नाही.

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी भाऊ लिहितो तेव्हा ताई जिवंत आहे का, एवढं तरी आधी विचारतो. तू विचारतोस काय, तर लेकीला रोलचा मोठा कॅमेरा घ्यायचा आहे, कोणत्या मापाची फ्रेम घेऊ? आणि सुट्टीत चार दिवस शिकायला पाठवू का? कामापुरती ताई. पण विचारलंस, हे बरं केलंस. दुसरं काही विचारलं असतंस तर उत्तर लिहायला बसले असते की नाही, कोण जाणे.

तर ऐक. त्या रोलची रुंदी ठरलेली असते, सहा सेंटिमीटर. फोटो किती लांब घ्यायचा एवढंच आपल्या हातात. साडेचार घे, सहा घे, सात घे, नाही तर नऊ. सातची फ्रेम दुकानदारांची लाडकी, कारण कागदावर बरोबर बसते, कुठे कापावं लागत नाही. गुणी जावयासारखी आहे, तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. नऊची लांबलचक, घोळक्याच्या फोटोसाठी. तिच्यात कडेला उभ्या राहिलेल्या माणसाकडे जन्मात कोणी बघत नाही. साडेचारची अरुंद आणि उभी, गर्दीत अंग चोरून उभं राहिल्यासारखी. मला ती नेहमी कंजूष वाटत आली.

राहिला चौकोन. माझं आवडतं माप विचारशील तर तेच, आणि ते बाबांकडून आलेलं. चौकोनाला उभं-आडवं नसतं, कॅमेरा वळवायचा नाही, मान वाकडी करायची नाही. बाबा म्हणायचे, चौकोनात कोणी थोरलं नसतं, कोणी धाकटं नसतं, चौकोनात फक्त मधलं असतं.

हे वाक्य लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

नवा कॅमेरा घेऊ नकोस, एवढंच खरं तर लिहायचं होतं. बाबांचा घडीचा कॅमेरा कपाटात पडून आहे, तोच पोरीला द्यावा असं मनात आलं. तुला आठवत असेल, त्याच्या पोटात एक पत्र्याची चौकट बसते. ती असली की फोटो चौकोनी येतात, काढली की लांब. बाबांनी ती कधी काढलीच नाही. मी म्हटलं, तू सगळी मापं विचारतो आहेस तर लांब फोटो काढून बघावा, भिंगामागचा चामडी भाताही कुठे फाटलाय का ते कळेल. पत्रा काढला, रोल भरला, कॅमेरा स्टँडवर लावला. समोर माणूस असल्याशिवाय भिंगाची पारख होत नाही आणि घरात माणूस मी एकटी. म्हणून कळ उशिरा सुटेल अशी लावली आणि स्वतःच जाऊन बसले.

कुठे, ते तुला सांगायला नको. मागच्या खोलीतली ती राखाडी भिंत, तिच्यासमोरच्या त्याच तीन खुर्च्या. लांब फ्रेममध्ये तिन्ही या कडेपासून त्या कडेपर्यंत नेमक्या मावल्या. आधी मी उजवीकडे तुझ्या खुर्चीत बसले, एक फोटो. मग डावीकडे माझ्या, दुसरा. मधल्या खुर्चीत नाही. त्या खुर्चीत मी कपडेसुद्धा ठेवत नाही.

चूक झाली ती रोल पुढे सरकवताना. त्या कॅमेऱ्याच्या पाठीला दोन लाल खिडक्या आहेत. रोलच्या पाठच्या कागदावर छापलेले लांब फोटोचे आकडे एकीत दिसतात, चौकोनाचे दुसरीत. पत्रा मी काढला खरा, पण खिडकी उघडली ती चौकोनाची. आयुष्यभर तीच उघडत आले, हाताने मला विचारलंच नाही. त्यामुळे रोल हवा तेवढा सरकला नाही आणि पहिल्या फोटोची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेवर चढली.

रोल धुऊन वाळत घातला आणि सकाळी खिडकीत धरला. दोन फोटो नव्हतेच. एकच लांब पट्टी, तिनाच्या पाच खुर्च्या झालेल्या. इकडच्या दोन रिकाम्या, तिकडच्या दोन रिकाम्या. मधोमध एक बाई.

म्हणजे मीच. तुझ्या खुर्चीतली मी आणि माझ्या खुर्चीतली मी, एकीवर एक. हे मला कळतं, हाच धंदा करते मी. दुपारी छापून पाहिलं तर दोनदा उजेड पडल्यामुळे चेहरा पांढरा झालेला, सुरकुत्या धुऊन गेलेल्या, चष्मा विरलेला. मान दोन्ही वेळा जरा वेगळीकडे वळलेली, त्यामुळे ओठ अर्धवट उघडे दिसतात, काही सांगायला निघाल्यासारखे. कोणी शिकाऊ पोरगीही सांगेल की हे कसं झालं. पण धाकट्या, ती आपल्या तिघांतली मधली होती. तापात जायच्या आधी दोन दिवस ती अशीच बघायची, आपल्याकडे नाही, आपल्या जरा मागे. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. मला भीती वाटली. या वयात, भर दुपारी, स्वतःच्याच खोलीत मी दार उघडं टाकून बाहेर येऊन उभी राहिले.

रोल कापून पाकिटात घालायचा असतो. कात्री घेतली. दोन फोटोंच्या मधून कापायचं, पण इथे मध्ये जागाच नाही. कापायचं तर तिच्यावरूनच. कात्री ठेवून दिली. पट्टी अजून तशीच दोरीवर लटकते आहे.

तेव्हापासून माझ्या हाताला एक खोड लागली आहे. गिऱ्हाइकाला बसवते आणि शेजारी जागा सोडते. परवा एक गृहस्थ नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढून घ्यायला आले होते. मी इतकी जागा सोडली की ते म्हणाले, “बाई, अजून कोणी यायचंय का?” मी हसून वेळ मारून नेली. ते गेल्यावर मात्र रडले.

बाबांचंही असंच व्हायचं, हे आता कळतं. मधली गेल्यावरही दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ते आपल्याला भिंतीसमोर बसवायचे, तू त्या टोकाला, मी या टोकाला, आणि चौकोनाच्या मधोमध ती रिकामी खुर्ची. आई तेवढा वेळ नळ सोडून भांडी घासत बसायची. आपण दोघंही मोठे झालो, तुझं लग्न झालं, तरी खुर्ची हलली नाही. आणि मग तू पोरीला घेऊन आलास. चालायला लागली होती नुकती. बाबांनी तिचं बोट धरलं, तिला उचललं आणि त्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, “इथे बस. मध्ये मोकळं दिसतं.”

तू काही आरडाओरडा केला नाहीस. उठलास, तिला कडेवर घेतलंस आणि म्हणालास, “बाबा, ही माझी मुलगी आहे.” बस्स, एवढंच. नंतर तू आलास तो बाबा गेल्यावर, तोही एकटाच. तुझं चुकलं असं मी त्या दिवशीही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

आता तुझ्या पत्राकडे येते. शेवटी तू एक ओळ लिहिलीस आणि खोडलीस. चांगली गिरवून खोडलीस, पण तू कोणाला लिहितोयस याचा विसर पडला. उजेडाला धरलं की काळ्यातलं वाचणं हाच आमचा पोटापाण्याचा धंदा. “तिला त्या खुर्चीत बसवणार नाहीस ना?” असं लिहिलं होतंस. न खोडता विचारलं असतंस तरी मला राग आला नसता.

आणि पाकिटात तिचा फोटो घातला होतास. तुला खरं सांगते, तो मी अजून पाहिलेला नाही. आला त्या दिवसापासून टेबलावर उलटा पडून आहे. पट्टीवरचा चेहरा पाहिल्यावर तर त्याला हात लावायचीही हिंमत होईना. फ्रेम, मापं, खिडक्या, इतकी पानं मी कशासाठी भरली ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

आत्ता, वरची ओळ लिहून झाल्यावर, उठून सुलटा केला.

डोळे मधलीचेच आहेत. तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मी बराच वेळ पाहत बसले, चहा गार झाला. मग बाकीचं दिसू लागलं. हनुवटी तुझ्या बायकोची. पुढच्या दाताचा टवका उडालेला, आणि तो दिसेल याची जराही पर्वा न करता तोंडभर हसते आहे. मधली कधी अशी हसली नाही. ही कोणी वेगळीच आहे, आणि हे मला रोज नव्याने स्वतःला सांगावं लागेल.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर बदलते. कॅमेऱ्याच्या पेटीत तळाशी अजून एक पत्रा आहे, साडेचारचा, तेलकट कागदात गुंडाळलेला. बाबांनी तो कधी उघडलाच नव्हता. तो मी आज बसवला आहे. पोरीला पाठव. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी तिला उभी करीन आणि पहिला फोटो त्या मापाचा काढीन. त्या फ्रेममध्ये एकच माणूस मावतं. माझ्या हाताने शेजारी जागा सोडायची म्हटली तरी सोडता येणार नाही. तिला आवडतं माप विचारलं तर तिचं ती ठरवेल, पण माझं आता हे.

खुर्चीबद्दल मात्र लिहून काही देत नाही. तू स्वतः तिला सोडायला ये आणि मागच्या खोलीत चल. ती खुर्ची माझ्याने एकटीने उचलवत नाही.

तुझी ताई,
आणि तिने तशी हाक मारली तर, तिची आत्या