बिल्ल्यासाठी मामा

रत्नागिरी, बुधवार, १३ डिसेंबर १९३३

बिल्ल्याचं काम उद्यावर गेलं. मोटार हाकायची तर सरकारी नंबराचा बिल्ला हवा, आणि पोर्तुगीज मुलखातून आलेल्याला बिल्ला हवा तर इथला कुणी ओळखणारा हवा. मला इथं कोण ओळखतं? पणजीहून बोटीनं येऊन आज अकरावा दिवस. तिकिटाचा तुकडासुद्धा अजून खिशात होता.

शेवटी घरमालक बाबूकाका आले. मिरकरवाड्यात जाळी विणणारा माणूस, कचेरीची पायरी कधी चढला नसेल. कारकुनानं विचारलं, "हा तुमचा कोण?" काका बेधडक म्हणाले, "बहिणीचा मुलगा. जन्मल्यापासून ओळखतो." मी गप्प राहिलो. का राहिलो? खिशात तिकीट मुठीत चुरगाळत होतो.

उद्या अकराला साहेब दोघांना वेगवेगळं विचारणार. खोटं उघडं पडलं तर मी बोटीनं परत जाईन. काका कुठं जातील? तारखेचं ते तिकीट कचेरीतून घरी आल्याआल्या चुलीत टाकलं, तरी हात सारखा खिशाकडे जातो. आणि उद्या त्यांना मामा म्हणायचं, काका नव्हे!

दिवेलागणीला ते जाळं घेऊन पडवीत माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तुझ्या आवशीचं नाव सांग बघू. माझी बहीण ना ती? सायबानं विचारलं तर?"

"सुभद्रा," मी म्हटलं.

जाळ्याला गाठी मारत त्यांनी ते दोनतीनदा घोकलं. सुभद्रा. सुभद्रा.

आई गेल्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तिचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.