बॉल उजवीकडे का जातो

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून पुटिंग, म्हणजे बॉल हलकेच होलमध्ये ढकलणं, सुधारणार. गोल्फमधलं बाकी सगळं मला जमतं. लांबचे फटके तर बघत राहावेत असे. होल सहा फुटांवर आलं की मात्र हात लटपटतात. मेहुणा सलग चार वर्षं क्लबची मॅच तिथेच जिंकतोय. १९ एप्रिलला त्याचा माज उतरवायचा. पॅसेजमध्ये कार्पेटची पट्टी अंथरली, टोकाला पेला आडवा ठेवला. दहातले दहा गेल्याशिवाय नाश्ता नाही.

सकाळी ७.४०
दहातला एक गेला. नाश्ता केला. रिकाम्या पोटी मन एकाग्र होत नाही.

६ फेब्रुवारी
चुकलेला प्रत्येक बॉल उजवीकडे घरंगळतो आणि थेट बेडरूममध्ये, हिच्या पलंगाखाली जातो. ही दिवसभर पडूनच असते. अशक्तपणा आहे. मला ओणवं होऊन बॉल काढावा लागतो. दर वेळी ही म्हणते, बसा ना जरा. दर वेळी मी म्हणतो, दहा बॉल झाले की बसतो.

११ फेब्रुवारी
दोष माझा नाही, पटरचा, म्हणजे पुटिंगच्या काठीचा. नवा आणला.

१३ फेब्रुवारी
पटरचा नाही, चष्म्याचा. नंबर तपासला. तोच निघाला. चष्मेवाल्याला काही कळत नाही.

२२ फेब्रुवारी
हिचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मुलीला बाजूला बोलावलं. तेवढ्या वेळात मी कॉरिडॉरमध्ये छत्री धरून मनगट न हलवण्याचा सराव केला. मुलगी डोळे पुसत बाहेर आली. तिला लहानपणापासून सर्दीचा त्रास आहे.

३ मार्च
शोध लागला! पेल्याच्या चार बोटं डावीकडे नेम धरायचा. दहातले पाच. पुस्तक लिहिण्यासारखी युक्ती आहे, पण मॅच होईपर्यंत मेहुण्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

१५ मार्च
मेहुणा हल्ली क्लबवर फिरकत नाही. रोज दुपारी येऊन बहिणीपाशी बसतो, तिला पेपर वाचून दाखवतो. त्याची प्रॅक्टिस पार बंद. यंदा सोपं जाणार.

२८ मार्च
दहातले सात. हिला सांगितलं, १९ तारखेला तू खुर्ची टाकून बसायचंस, कप तुझ्याच हातून घेणार. ही हसली. हसताना दम लागला. मी पाणी दिलं आणि उरलेले तीन बॉल मारायला गेलो.

५ एप्रिल
त्या खोलीत बसायची मला भीती वाटते. ही डोळे मिटून पडली की मी तिचा श्वास मोजत राहतो.
वरचं खोडायचं आहे. दहातले आठ.

१९ एप्रिल, दुपारी ३
हरलो. पहिल्यापासून शेवटच्या होलपर्यंत माझा प्रत्येक बॉल डावीकडे गेला, बरोबर चार बोटं. मेहुणा जिंकला. तो मला हसला नाही, तेच जास्त लागलं. कप घ्यायलाही थांबला नाही, ताईकडे जातो म्हणाला.

संध्याकाळी ६
मेहुणा गेल्यावर हिला सगळं सांगितलं. क्लबच्या गवताला नावं ठेवली. ही म्हणाली, गवताला कशाला बोल लावता? आपल्या पॅसेजला उतार आहे. तीस वर्षं फरशी पुसली, पाणी नेहमी याच खोलीकडे यायचं.
म्हणजे अडीच महिने मी उताराचा सराव केला. मी चिडलो. मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं.
ही म्हणाली, "सांगितलं असतं तर बॉल सरळ गेला असता. मग तुम्ही आत कशाला आला असतात?"
खूप रडू आलं. पण बसलो. तिचा हात हातात होता, पटरपेक्षा हलका.
उद्यापासून पुटिंग बंद. रोज चार तास हिच्यापाशी. पेपरही मीच वाचणार.

२० एप्रिल
हिला पहाटे हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. आत एकालाच सोडतात. मुलगी आत गेली. मी बाहेर पेपर घेऊन बसलो होतो.

२१ एप्रिल
पेपर घेऊन गेलो होतो.

१२ मे
दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. मुलगी म्हणाली, गवंडी बोलावून पॅसेजची फरशी सारखी करून घेऊ, तुम्ही पडाल एखाद दिवशी. मी नको म्हटलं.
संध्याकाळी कार्पेट गुंडाळून ठेवलं. उघड्या फरशीवर बॉल ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला. तो आपला आपण आत गेला, पलंगाखाली. मागोमाग मी गेलो, ओणवा होऊन काढला. बसा ना जरा, असं कोणी म्हणालं नाही. तरी बसलो.
असे दहा बॉल झाले.