एकविसाव्या पानावरची खूण

मी, झेलिंडा बेर्तोलाझ्झी, इलारिओची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार इंगम, क्वीन्सलँड, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि राग त्याहून ठिकाणावर. कोणी दडपण आणलेले नाही. आणून बघावे.

१. घर मुलगा रेनातो याला. टोमॅटो शिजवायचा मोठा हंडाही त्यालाच. मात्र इलारिओचा ऊसतोडीचा कोयता त्याला नाही, नात मिरेल्लाला. "आई, या वयात रोमन लोकांच्या कादंबऱ्या कसल्या वाचतेस?" असे तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता.

२. कसल्या म्हणजे? शाळा माझी तिसरीत सुटली. लायब्ररीत गेले ती गारव्याला. एका जाड पुस्तकावर मातीचा रांजण दिसला, वाटले, ऑलिव्ह खारवायचे पुस्तक असेल. घरी येऊन बोट ठेवून वाचते तर आत रोम! फाउस्टा नावाची गुलाम स्वयंपाकीण, धन्याच्या ताटात थुंकणारी. अहाहा! आमच्या इटलीतल्या गावाकडचीच वाटली. त्या दिवशी माझा रस्सा करपला आणि मला पत्ता नाही.

३. लायब्ररीने जुनी पुस्तके विकली तेव्हा त्या कादंबरीचे सातही भाग मी घेतले. पाचवा नणंद ओर्नेला हिने मागून नेला, तो आजतागायत परत नाही. चौथ्याच्या शेवटी फाउस्टा जहाजात दारूच्या रांजणात लपलेली आहे, धन्याची माणसे एकेक रांजण फोडत येताहेत, आणि पुस्तक संपते! अशीच मेले तर माझ्या जिवाला बरे वाटेल का?

मागायला गेले तर म्हणते, "वहिनी, एकविसावं पान बघा. माझा गोल आहे. पुस्तक माझं."

"अगं, ती वाचल्याची खूण!" मी म्हटले. आमच्या लायब्ररीतल्या सगळ्या म्हाताऱ्या एकविसाव्या पानावर पेन्सिलीने खूण करतात, तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. माझी खूण टोमॅटो. "खूण केली म्हणजे मालकी झाली, तर निम्मी लायब्ररी माझी!"

"मग सहावा उघडा की. बाई जगली की मेली, कळेल."

पायरी गाळून जिना चढणारी मी नव्हे. सहावा तसाच पडून आहे.

४. म्हणून बँकेतली सगळी शिल्लक त्या नातवंडाला, ज्याची खूण सातही भागांच्या एकविसाव्या पानावर असेल. सातही. पाचव्यासाठी ज्याने त्याने ओर्नेला आत्याआजीच्या दारात बसावे. चहा मागावा. रोज जावे.

५. मी जिवंत असताना पाचवा परत आला, तर हा कागद चुलीत घालीन आणि वाचत बसेन. तो संपेतोवर मला हाक मारू नये.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. ऐकून फार समाधान वाटले. पहिली साक्षीदार मी तेव्हाच ठरवली.

इंगम, १४ जून २०१७.

सही: झेलिंडा बेर्तोलाझ्झी (शेजारी टोमॅटो काढला आहे, तो माझाच.)

साक्षीदार दुसरे: ब्रायन टकर, शेजारी.

साक्षीदार पहिली: ओर्नेला बेर्तोलाझ्झी. पूर्ण नाव लिही गं, नुसता गोल काढू नकोस. आणि काढलासच, तर त्याचा अर्थ एवढाच की तू हे वाचलेस. तुझे झाले असा नाही.