सुभेदाराचं पाणी

२ मार्च, रविवार
आज नळाला पाणी. आठ दिवसांनी! आधी सुभेदाराच्या काचेच्या टाकीसाठी ड्रम भरले, मग घरचे. सुलेखाचं नेहमीचं सुरू — "हर्सूलमधी माणसं टँकरमागं पळतेत अन् तुम्ही हॉलमधी तळं बांधलंय!" मला बोलते, पण कोळंबी सोलून माशाला भरवते तीच. आणला तेव्हा बोटाएवढा होता. अरोवाना जातीचा मासा केवढा वाढतो हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता अडीच फूट. टाकीतले बाकीचे सगळे मासे गिळून बसला, एकदा झाकणाखालची पालसुद्धा उडी मारून घेतली. सुभेदार हे नावही तिनंच ठेवलेलं. मी वाळूजला ड्युटीवर गेलो की दिवसभर घरात ती आणि तो.

४ मार्च
सुलेखाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. डॉक्टर म्हणाले, आठवडाअखेर येऊन चौकशी करा. घरी येऊन ती आधी टाकीपाशी गेली, चपलाही न काढता.

५ मार्च
माशाचं खाणं आणायला मुजीबभाईच्या दुकानात गेलो. का कोण जाणे, त्याला सगळं सांगून बसलो. तो म्हणाला, "अरोवाना घर की बला अपने ऊपर लेता, इंद्रजीतभाई. वो मरा तो समझो घरवाले बच गए."

घरी हसत हसत सांगितलं. सुलेखा हसली नाही. "आपुन मानतो का असलं? विहारात भाषणं कोण ठोकतं?"

मीच ठोकतो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत माझ्या.

६ मार्च
मुजीबचं बोलणं डोक्यातून जात नाही. मूर्खपणा!

८ मार्च, शनिवार
दवाखान्यात निघालो आणि निम्म्या वाटेतून गाडी वळवली. ऐकायची हिंमतच झाली नाही. सुलेखाला सांगितलं — जाऊन आलो, रिपोर्ट अजून यायचाय. ती "बरं" म्हणाली आणि भाकऱ्या करायला बसली. भित्रा माणूस मी.

१० मार्च, सोमवार
सुलेखा आईला भेटायला फुलंब्रीला गेली. नळ आला.

एरवी पाणी दिवसभर ड्रममध्ये ठेवतो, क्लोरीन मारायचं औषध घालतो, मगच टाकीत. आज थोडं जुनं पाणी काढलं आणि पाइप सरळ टाकीत सोडला. ब्लीचिंग पावडरीचा वास इतका की डोळे चुरचुरले. औषधाची बाटली समोरच फळीवर होती. हात तिकडं गेला — आणि मी मागं घेतला.

विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. सुभेदार वर येऊन तोंड उघडत होता, खायला मागतो तसा. मला बघवेना. सरळ ड्युटीवर निघून गेलो.

११ मार्च
सुभेदार गेला.

सुलेखा सकाळी फुलंब्रीहून आली, तिनं दोन्ही हातांनी त्याला उचललं. मी अंगणात कडुलिंबाखाली खड्डा खणला. "पाणी बाधलं का वो?" मी म्हणालो, असेल. ती रडायची थांबेना. तेव्हा माझ्या तोंडून गेलंच — "तुझी बला त्यानं घेतली, असं समज."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं! "तुम्ही म्हणताय हे? मला नाय जगायचं त्याच्या जिवावर. माझ्या हातून खायचा तो."

शरम वाटते. लाज वाटते तिच्यासमोर उभं राहायची. आणि तरीही — इथं तरी खोटं कशाला लिहू — सकाळपासून जरा हलकं वाटतंय. आता तिला काही होणार नाही, असं आतून कुणीतरी म्हणतंय.

१२ मार्च
आज तीच मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. गाठ साधी आहे. कॅन्सर नाही!

डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट शुक्रवारीच आलाय. तुमच्याकडून कुणी फिरकलंच नाही."

सुलेखा माझ्याकडं वळली. "तुम्ही शनिवारी आलता ना?"

शुक्रवारी. तेव्हा सुभेदार तिच्या हातून कोळंबी खात होता.