माझ्या हातून गेल्याशिवाय एकही बॅग नाही

३ मार्च, सोमवार, दुपार

तर आधी आला तो टायवाला. चष्मेवाली मागून दहा मिनिटांनी, तिला म्हणे गाडी लावायला जागा मिळेना. मी टायवाल्याला खुर्ची दिली नि तिला स्टूल. मग कळलं की साहेब ती आहे आणि हा तिच्या हाताखालचा. म्हणजे मला अंदाज होताच, पण त्याचे पाय थकलेले दिसत होते.

दोघं कन्सल्टंट आहेत. कारखान्यात काय चुकतंय ते शोधून सांगतात. कारखाना आता मुलगा बघतो, त्यानेच बोलावलंय. आमच्याकडून दप्तरं घेतो त्या मोठ्या दुकानदाराने फोनवर बजावलंय, या खेपेला सहाशे दप्तरं उशिरा आली किंवा पुन्हा चेन तुटलेली निघाली, तर पुढच्या वर्षी दुसरा कारखाना बघणार. तो गेला तर निम्मी मशीनं बंद. चौदा माणसं शिवतात आमच्याकडे. मुलगा चार दिवस ताटावर बसतो आणि उठतो.

मी म्हटलं, घाबरतोस काय, मी आहे ना. तो उठून हात धुवायला गेला. भरवसा आहे त्याचा.

टायवाला म्हणाला, मोठे लीडर रोज काहीतरी लिहितात. नातीची अर्धी वही कोरी पडली होती. शिक्षण माझं चौथी नापास, पण लीडर तर आहे. म्हणून लिहिते.

४ मार्च, मंगळवार

आज चष्मेवाली दिवसभर माझ्या शेजारी बसली, हातात घड्याळ. माझं काम बघत होती. शिकू दे बापडी.

काम असं. दाराजवळ माझी खुर्ची. शिवून झालेली बॅग आधी माझ्या मांडीवर येते. शिवण बघायची. मग चेन तीनदा उघडायची, तीनदा लावायची, आणि नाजूकपणे नाही, चांगला जोर लावून. मग खडूची खूण. जी चेन माझ्या हाताला टिकली ती जगाला टिकली. तेवीस वर्षं झाली. माझ्या हातून गेल्याशिवाय एकही बॅग टेम्पोत चढलेली नाही.

तिने विचारलं, आजी, तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर? मी म्हटलं, सगळं ठप्प! दाढ काढली होती तेव्हा माल दोन दिवस दारात पडून होता. तिने लगेच लिहून घेतलं. मी म्हटलं, खाली रेघ मार. तिने दोन मारल्या.

कापड कापणारे मास्तर मागून म्हणाले, तेव्हा टेम्पोवाल्याची झोपही दोन दिवस पुरी झाली, तेही लिहा बाई. सगळे हसले. माझ्यावर फार जीव आहे मास्तरांचा.

५ मार्च, बुधवार

भिंतीवर मोठा कागद लावलाय. गोल आणि बाण. कटिंग, शिलाई, चेन, पॅकिंग, टेम्पो, सगळ्यांचे बाण येऊन थांबतात ते मधल्या मोठ्या लाल गोलापाशी. लाल गोल म्हणजे मी! बाकी कुणाला रंगसुद्धा नाही.

नातीकडून फोटो काढून घेतला नि थोरल्या बहिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, माहेरीसुद्धा असंच होतं. लहानपणापासून जळकी.

संध्याकाळी टायवाल्याने सगळ्यांना लीडरशिप शिकवली. म्हणाला, खरा लीडर तो, जो नसला तरी काम चालतं. मी उभी राहिले. म्हटलं, नसताना चालत असेल तर मग तो असतो कशाला? टायवाला पाणी प्यायला. शिकलेल्या माणसालाही कुणीतरी सुधारावं लागतं.

७ मार्च, शुक्रवार

प्रयोग ठरला. सोमवारपासून आठ दिवस मी घरी. बॅगा शिवणाऱ्या बायकाच एकमेकींच्या तपासणार, चेन फक्त एकदा हलक्या हाताने. मला डाव लगेच कळला. माझ्यावाचून कसा बोजवारा उडतो ते मुलाला दाखवायचंय. मी हो म्हटलं.

संकल्प: आठ दिवस कारखान्यात पाऊल टाकायचं नाही.

मुलाला सांगून ठेवलं, तिसऱ्या दिवशी न्यायला ये, मी साडी बदलून तयार असेन. सूनबाई हसली. बिचारीला करमणार नाही माझ्याशिवाय.

१० मार्च, सोमवार, ११ वाजता

जाऊन आले. चष्मा राहिला होता. मास्तर म्हणाले, आजी, डोळ्यांवर आहे. मी म्हटलं, दुसरा.

त्याच दिवशी, ३ वाजता

छत्री राहिली होती.

११ मार्च, मंगळवार

आज नाही गेले. कारखान्यासमोरच्या फुटपाथवरून चालले फक्त. चार वेळा. या वयात चालणं चांगलं.

१२ मार्च, बुधवार

तिसरा दिवस. सकाळपासून निळी साडी नेसून बसले. कुणी आलं नाही. गाडी बंद पडली असेल. सूनबाईला फोन केला तर म्हणते, सगळं छान चाललंय आई, तुम्ही आराम करा. माझं मन राखते, दुसरं काय. मागून हसण्याचे आवाज येत होते. काम सोडून हसतात म्हणजे बघा काय हाल असतील.

१४ मार्च, शुक्रवार

सहाशे दप्तरं गेली. दोन दिवस आधी.

तेवीस वर्षांची शिस्त एकदम थोडीच जाते! विस्तव विझला तरी राखेत ऊब राहतेच. आठ दिवसांचा संकल्प मोडायला नको म्हणून अभिनंदन करायला गेले नाही.

मुलगा दोन घास जास्त जेवला. तेवढं खरं.

१८ मार्च, मंगळवार, दुपार

चष्मेवाली घरी आली, टायवाल्याला घेऊन. या वेळी तिला खुर्ची दिली, तर ती खाली माझ्याजवळच बसली. म्हणाली, मोठ्या दुकानात त्यांचा माणूस माल उघडून बघतो. दर खेपेला तीस-चाळीस बॅगा परत यायच्या, चेन गेलेल्या. या खेपेला एकही नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर पक्की.

मी म्हटलं, बघा! चेनवाला बदलला असेल.

ती म्हणाली, चेनवाला तोच, चेनही त्याच. मग हळू आवाजात म्हणाली, आजी, एवढा जोर सहा वेळा बसला की रनर सैल होतो. ओढायचा तो तुकडा. इथून जाताना बॅग बरी दिसते, आणि तिकडे गेल्यावर निखळतो.

मी म्हटलं, तुमचं शिक्षण तुमच्यापाशी. दुसरा चहा विचारला नाही.

तरी उठेना. म्हणाली, शिवण ओळखणारी तुमच्यासारखी नजर कुणाकडे नाही. दाराजवळ बसू नका, मशीनांच्या मधे बसा, नव्या मुलींना शिकवा. विचार करून सांगा, आम्ही सोमवारी परत येतो. टायवाल्याने जाताना वाकून नमस्कार केला. नमस्काराने फसायची नाही मी.

१९ मार्च, बुधवार, सकाळ

नातीकडून पाच बॅगा मागवल्या. त्याच खेपेतल्या, तपासून पास झालेल्या पण जादा म्हणून उरलेल्या. दार लावून बसले.

पहिली. तीनदा उघडली, तीनदा लावली, नेहमीसारखी. काही झालं नाही. म्हटलं, बघा!

दुसरी. ठीक.

तिसरी जरा कुरकुरली.

चौथीचा रनर हातात आला. पडायला आलेला दात यावा तसा, अलगद. मी तो परत बसवून बघितला. बसतो, पण चेन धरत नाही.

पाचवी मी उघडलीच नाही.

मान वर केली तर मुलगा दारात. मी कडी लावायला विसरले होते. विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाला, दोन-तीन वर्षं संशय होता. म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणे, तू रोज सकाळी इतकी खुशीत जाऊन बसायचीस त्या खुर्चीत.

घ्या! चौदा माणसांचं पोट टांगणीला लावलं, बाहेरच्या दोघांना बोलावलं, आणि आईला एक वाक्य बोलता येईना. ही मॅनेजमेंट? टायवाल्याला सांगणार आहे, शिकवायचं तर आधी याला शिकवा.

तो गेल्यावर तोंड धुतलं. मग निर्णय घेतला, लीडरने वेळेवर घ्यायचा असतो. सूनबाईला फोन करून ठणकावून सांगितलं, माझी खुर्ची दारातून उचला आणि मशीनांच्या मधे ठेवा, माझी ऑर्डर आहे म्हणून सांग.

ती म्हणाली, आई, ती मास्तरांनी परवा सोमवारीच तिथे ठेवलीय. उशीसकट.

दोघं परत यायचेत ते सोमवारी, २४ तारखेला, अकरा वाजता. मी दहालाच मशीनांमधल्या खुर्चीत बसलेली असेन.