हर्षितच्या हळदीला जाते

रुपाली,

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतली, चहा तासाभराने प्यायले. आता रागावू नकोस, मी मोहने गावी बायजाच्या नातवाच्या हळदीला चालले आहे, धवले गायला. कॅन्सरच्या ऑपरेशनने आवाज घोगरा झाल्यापासून लग्नात गायले नव्हते. काल बायजा फोनवर म्हणाली, "कोकिळा कोनाला पायजे गो? तुझ्या सासूचे धवले तुझ्याबिगर कोनाला येतात?" मग फोनवरच गायले. सूर फाटला, पण एक ओळ चुकली नाही!

भाकऱ्या टोपलीत आहेत, कालवण गरम कर. स्कार्फ घरीच ठेवलाय. ठुशी घातली आहे, व्रण दिसला तर दिसू दे.

संध्याकाळी तू ये. माझा दम संपला की पुढची ओळ मागून उचलायला कुणीतरी घरचं हवं.

आई